व्हाया भाईंदर : मेल फॉरवर्डिंगचा छोटासा इतिहास

फॉरवर्ड म्हटलं की आपल्याला आठवतात ते "हा मेल दहा जणांना पाठवा, नाहीतर..." छापाचे मेल. आज त्यांच्याबद्दल बोलायचं नाहीये. (ती साथ पुढे व्हॉट्सॲपवर गेली आणि तिथे सुखाने नांदते आहे.) आजचा विषय दुसरा फॉरवर्ड. जुन्या अकाउंटवर आलेलं टपाल आपोआप नव्या अकाउंटवर यावं म्हणून आपण एकदाच सेटिंग्जमध्ये जातो, खूण करतो आणि विसरून जातो, तो. विसरता येतं हेच त्याचं यश, आणि खरी भानगडही तिथेच आहे. पण ते शेवटी.

आधी कागदी पत्ता बघू. आमच्या राईचा पत्ता जुन्या वळणाने लिहायचा तर 'मु. राई, व्हाया भाईंदर, जि. ठाणे'. भाईंदर स्टेशनला पश्चिमेला उतरून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं लागतात. पत्र लिहिणाऱ्याला राई कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. भाईंदरपर्यंत पोचलं की पुढचं तिथली माणसं बघतील. म्हणजे 'मुक्काम' हा माणसाचा ठिकाणा आणि 'व्हाया' हा टपालाचा रस्ता. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला (तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी) आणि हा रस्ता सहा आकड्यांत मावला.

आता समजा, माणूस राईतून डोंबिवलीला राहायला गेला. तर पोस्टमन किंवा शेजारी जुना पत्ता खोडून नवा लिहितो आणि पत्र परत टपालात पडतं. न फोडलेल्या साध्या पत्राला त्यासाठी जादा तिकीट लागत नाही. पाठवणाऱ्याला काही कळत नाही, पत्र मात्र पोचतं. ही जुन्या जागेने गेलेल्या माणसासाठी दाखवलेली माणुसकी. फॉरवर्डिंगचा सगळा इतिहास म्हणजे ही माणुसकी कोण, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात दाखवतो याचा इतिहास आहे.

ईमेलचं सुरुवातीचं रूपही 'व्हाया'चंच होतं. आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला. जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी या त्यातल्या मुंबईच्या दोन संस्था. साध्या टेलिफोन लाइनवरून एक मशीन दुसऱ्याला फोन लावायचं आणि साठलेलं टपाल हवाली करायचं. या पद्धतीचं नाव यूयूसीपी. त्यात पत्ता लिहितानाच टप्पे लिहायला लागायचे : हे मशीन, उद्गारचिन्ह, मग ते मशीन, पुन्हा उद्गारचिन्ह, आणि शेवटी माणसाचं नाव. मधल्या प्रत्येक मशीनने पुढे ढकलायचं, म्हणजे प्रत्येक पत्र फॉरवर्डच. मधलं एक मशीन सुट्टीवर गेलं की पत्र तिथेच पडून!

इंटरनेटवर हा प्रश्न आधीच नीट मांडला गेला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवण्याचे नियम लिहिले, ते आरएफसी ८२१. त्यात माणूस पत्त्यावर नसेल तर सर्व्हरने काय म्हणायचं याची दोन उत्तरं दिली आहेत. २५१ म्हणजे "ते इथे नसतात, पण मी पोचवतो." आणि ५५१ म्हणजे "ते इथे नसतात, हा घ्या नवा पत्ता, तुम्हीच पाठवा." चाळीतले दोन शेजारी डोळ्यांसमोर येतात की नाही? :) व्यवहारात मात्र तिसरीच रीत रूढ झाली. काही न बोलता पत्र घ्यायचं आणि गुपचूप पुढे पाठवायचं.

ते करायची सोय बर्कलेच्या एरिक ऑलमन यांच्या सेंडमेलने दिली, आणि ती १९८३ पासून बर्कलेच्या युनिक्सबरोबर जगभर पसरली. आपल्या होम डिरेक्टरीत 'डॉट फॉरवर्ड' नावाची फाइल करायची आणि त्यात एका ओळीत नवा पत्ता लिहायचा. बस! जुन्या ठिकाणीही एक प्रत हवी असेल तर स्वतःच्या नावाआधी एक उलटी तिरकी रेघ. कॉलेज सोडून गेलेल्या मुलाचं अकाउंट सिस्टम ॲडमिनने पुसलं नाही, तर ती एक ओळ वर्षानुवर्षं इमानाने काम करायची. पण 'पुसलं नाही तर' हे लक्षात ठेवा. सगळी ॲडमिनची मर्जी.

सामान्य माणसाला हे कळलं ते व्हीएसएनएलमुळे. १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट जनतेसाठी खुलं झालं. शेल अकाउंट, काळा पडदा, आणि पत्ता कसा? तर तुमचं नाव ॲट 'गियासबीएम०१ डॉट व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन'. बीएम म्हणजे बॉम्बे, ०१ म्हणजे मशीनचा नंबर. शहराचं नाव त्याच वर्षी अधिकृतपणे मुंबई झालं, पत्त्यात बॉम्बे तसंच राहिलं. म्हणजे कुणाच्या तरी मशीनचा नंबर आपण व्हिजिटिंग कार्डावर छापून घेत होतो. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. मग स्वस्त कनेक्शन घ्यायचं तर जुना पत्ता सोडायचा, आणि जुना पत्ता ठेवायचा तर जुन्या ठिकाणी पैसे भरत राहायचं. पत्ता भाड्याचा होता!

म्हणून फुकट वेबमेल आलं तेव्हा लोक तुटून पडले. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल १९९६ चं, आणि मग आपलं मुंबईचं रेडिफमेल. नोकरी बदला, आयएसपी बदला, पत्ता तोच. पण इथेही घरमालक होताच, फक्त भाडं मागत नव्हता. एप्रिल २००२ मध्ये याहूने फॉरवर्डिंगला पैसे लावले. २००४ मध्ये जीमेलने तेच फुकट दिलं आणि वाहवा मिळवली. जानेवारी २०२१ पासून याहूच्या फुकट अकाउंटवरचं आपोआप फॉरवर्डिंग बंद झालं. म्हणजे दार उघडं ठेवायचं की नाही, हे मालकाच्या हिशेबावर.

या सगळ्यात स्पॅमने खोडा घातला तो वेगळाच. खोटा पत्ता लावून येणारे मेल रोखायला एसपीएफ आलं. त्याची कल्पना सोपी आहे : अमुक डोमेनचं टपाल अमुक मशीनवरूनच यायला हवं. पण फॉरवर्ड झालेलं पत्र येतं मधल्या मशीनवरून. सोसायटीचा वॉचमन म्हणतो, "पत्र कोल्हापूरच्या माणसाचं, मग शिक्का भाईंदरचा कसा?" आणि पत्र बाहेर. गंमत बघा, एसपीएफचे जनक मेंग वेंग वाँग हे पोबॉक्स या कंपनीचे संस्थापक. ती १९९५ मध्ये सुरू झाली आणि तिचा धंदाच आयुष्यभर टिकणारा फॉरवर्डिंगचा पत्ता देण्याचा. त्यामुळे फॉरवर्ड करणाऱ्याने पाठवणाऱ्याचा पत्ता नव्याने लिहायची युक्ती निघाली. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचे नियम कडक केले आणि मेलिंग लिस्टांचंही टपाल धडाधड परत यायला लागलं. मग २०१९ मध्ये एआरसी आलं, म्हणजे मधल्या प्रत्येकाने "माझ्याकडे आलं तेव्हा पत्र ठीक होतं" अशी सही करायची. शेजाऱ्याने पत्ता खोडून लिहिण्याचा प्रवास इथवर आला. माणुसकीलाही आता सर्टिफिकेट लागतं.

असो. आता सुरुवातीला म्हटलेली भानगड. फॉरवर्डिंग सुरळीत चालू असलं की आपण जुन्या अकाउंटवर फिरकत नाही. मे २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंटं पुसली जातील, आणि त्याच डिसेंबरपासून तसं सुरूही झालं. नुसतं टपाल येऊन पुढे जात राहणं म्हणजे तुम्ही घरात राहता असं नाही. म्हणजे ज्या सोयीमुळे तुम्ही जात नाही, तीच सोय तुमच्या न जाण्यामुळे एक दिवस बंद पडते. आणि त्याच पत्त्यावर कुणाचा विमा असतो, कुणाचं डीमॅट, कुणाच्या बँकेचं 'पासवर्ड विसरलात?'चं उत्तर. पत्र आलं नाही हे कळायला आधी पत्र यावं लागतं ना!

म्हणून एखाद्या रविवारी एवढं करा. जुन्या अकाउंटमध्ये प्रत्यक्ष लॉगिन करा. फॉरवर्डिंगच्या यादीत आपण न टाकलेला पत्ता तर नाही ना, तेही बघा, कारण चोर आत शिरला की अनेकदा गुपचूप एवढंच करून जातो. मग गेल्या वर्षभरात तिथे काय काय आलं ते चाळा, आणि बँक, विमा, पीएफ यांना स्वतः नवा पत्ता कळवा. ऑफिसच्या पत्त्यावर यातलं काहीच ठेवू नका. जमलं तर स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या. त्याचंही वर्षाला भाडं भरावं लागतं, पण मागची मेल कंपनी कितीही वेळा बदलली तरी पत्ता बदलत नाही.

राई आधी ग्रामपंचायतीत होती, मग नगरपालिकेत आली, २००२ पासून महानगरपालिकेत आहे. पत्त्याच्या खालच्या ओळी बदलत गेल्या, 'मु. राई' तेवढं जागेवर राहिलं. ईमेलच्या पत्त्यात ॲटच्या उजवीकडचं जे असतं ते बहुतेकदा आपलं नसतंच. तिथे टपाल येतंय तोवर ते आपलं वाटतं, इतकंच.