सिंदखेडराजाचे जाधव घराणे : वंशपरंपरा व स्थलांतर – एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. दरवर्षी १२ जानेवारीला येथे लाखोंचा समुदाय जमतो. तथापि, ज्या जाधव घराण्यात जिजाऊंचा जन्म झाला त्या घराण्याच्या पिढ्या कोठून आल्या, कोठे विखुरल्या आणि कोणाच्या सेवेत राहिल्या, याचा सलग विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. घराण्याचा इतिहास म्हणजे केवळ नावांची मालिका नव्हे. त्या नावांमागील स्थलांतर, वतन आणि राजकीय निष्ठा यांचा शोध घेतल्याशिवाय वंशावळ बोलकी होत नाही. प्रस्तुत लेखात उपलब्ध साधनांच्या आधारे या घराण्याच्या काही पिढ्यांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची साधने :

या घराण्याच्या अभ्यासासाठी साधने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार घराण्यांनी जपलेल्या वंशावळी व मौखिक परंपरांचा. दुसरा प्रकार समकालीन ग्रंथांचा. त्यात कवींद्र परमानंदांचे 'शिवभारत' आणि शाहजहानच्या दरबारातील अब्दुल हमीद लाहोरीचा 'बादशाहनामा' ही दोन महत्त्वाची साधने होत. तिसरा प्रकार वास्तुरूप साधनांचा. सिंदखेडराजा येथील लखुजीरावांची भव्य समाधी, राजवाडा, काळा कोट, मोती तलाव आणि नीलकंठेश्वर व रामेश्वर मंदिरे यांचा त्यात समावेश होतो. या तिन्ही साधनांचे स्वरूप भिन्न असल्याने एका साधनाचा पुरावा दुसऱ्याने तपासून घेणे अगत्याचे ठरते.

देवगिरीचा वारसा : दावा आणि पुरावा :

सिंदखेडकर जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानतात. 'यादव' या शब्दापासून 'जाधव' हे रूप सिद्ध होते, हे भाषाशास्त्रदृष्ट्या सयुक्तिक आहे. परंतु आडनावाचे साम्य हा वंशसातत्याचा पुरावा ठरत नाही. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाने यादवसत्ता संपुष्टात आली. त्यानंतर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामशाहीच्या आश्रयाने हे घराणे सिंदखेडचे देशमुख म्हणून ठळकपणे पुढे येते. या दोन टप्प्यांत सुमारे अडीच शतकांचे अंतर आहे. वंशावळींतील नावे हे अंतर भरून काढतात, पण त्या नावांना समकालीन दुजोरा मिळाल्याशिवाय ती सिद्ध मानता येत नाहीत.

या संदर्भात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला लागलेला शोध लक्षणीय आहे. लखुजीरावांच्या समाधीच्या संवर्धनकार्यात परिसरात प्राचीन शिवमंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी शिल्पाकृती आढळली. यादवकाळाशी जुळणाऱ्या या अवशेषांमुळे सिंदखेड हे मध्ययुगात महत्त्वाचे स्थान होते, याला पुष्टी मिळते. मात्र स्थानाचे प्राचीनत्व आणि घराण्याचे प्राचीनत्व या दोन स्वतंत्र बाबी आहेत. एकीचा पुरावा दुसरीच्या खाती जमा करणे इतिहासलेखनाच्या शिस्तीत बसत नाही.

इ. स. १६२९ : घराण्याची वाताहत :

लखुजीराव जाधव हे निजामशाहीतील बलाढ्य सरदार होते. १६२१ च्या सुमारास ते मोगलांकडे गेले. त्यांना आणि त्यांच्या आप्तांना मिळून २४,००० जात व १५,००० स्वारांची मनसब होती, असे मोगल साधनांवरून कळते. पुढे ते पुन्हा निजामशाहीत परतले. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची हत्या करण्यात आली. एकाच दिवशी तीन पिढ्यांवर झालेल्या या आघातानंतर घराण्यातील उरलेली मंडळी दौलताबादहून सिंदखेडकडे निघून गेली आणि लखुजीरावांचे बंधू जगदेवराव यांच्यासह अनेक आप्तांनी मोगलांची सेवा पत्करली.

या घटनेचे परिणाम जाधवांपुरते मर्यादित राहिले नाहीत. लखुजीरावांचे जामात शहाजीराजे यांनीही निजामशाहीचा त्याग केला. हत्याकांडानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. पिता, दोन बंधू आणि भाचा यांच्या वधाची वार्ता जिजाऊंना गरोदरपणातच मिळाली असली पाहिजे.

धनाजी जाधवांची शाखा : कालगणनेची कसोटी :

अचलोजींच्या शाखेने भोसल्यांचा आश्रय घेतला. अचलोजींचे पुत्र संताजी वडिलांच्या मृत्यूसमयी तान्हे होते व जिजाऊंनी त्यांचा सांभाळ केला, अशी परंपरा आहे. संताजींचे पुत्र शंभूसिंह आणि शंभूसिंहांचे पुत्र सेनापती धनाजी, असा क्रम प्रचलित वंशावळीत दिला जातो. धनाजींचा जन्म १६५० च्या सुमारास झाला असेही सांगितले जाते.

ही विधाने एकत्र ठेवली असता विसंगती तत्काळ लक्षात येते. संताजी १६२९ मध्ये तान्हे असतील तर अवघ्या एकवीस वर्षांत त्यांना नातू होणे शक्य नाही. म्हणजेच संताजींचे बालपण, धनाजींचे जन्मवर्ष किंवा मधली पिढी यांपैकी किमान एक बाब दुरुस्त करावी लागते. यावरून संपूर्ण वंशावळ त्याज्य ठरत नाही. तथापि, वंशावळ वाचताना प्रत्येक पिढीला किमान वीस वर्षांचे अंतर देऊन पाहण्याची साधी कसोटी किती उपयुक्त आहे, हे मात्र स्पष्ट होते.

सिंदखेड ते भालकी आणि पुन्हा सिंदखेड :

१६९७ नंतर सेनापती म्हणून धनाजींनी मोगलांविरुद्धच्या संघर्षात मोलाची कामगिरी बजावली. १७०८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला व पुत्र चंद्रसेन यांना सेनापतिपद मिळाले. परंतु बाळाजी विश्वनाथ यांच्याशी झालेल्या संघर्षानंतर चंद्रसेन १७११ मध्ये छत्रपती शाहूंच्या पक्षातून बाहेर पडले आणि कालांतराने निजामाकडे गेले. निजामाने त्यांना बिदरजवळील भालकीची जहागीर दिली. अशा रीतीने वऱ्हाडातील एका घराण्याची शाखा स्वराज्याच्या सेनापतिपदावरून आजच्या कर्नाटकातील भालकीत स्थिरावली.

या स्थलांतराचे सर्वांत विदारक चित्र १७५७ मध्ये दिसते. चंद्रसेनांचे पुत्र रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने सिंदखेड येथे होते. विश्वासराव पेशवे व दत्ताजी शिंदे यांच्या फौजांनी त्यांना कोंडीत पकडले आणि निजामअली त्यांच्या मदतीस धावला. जिजाऊंच्या माहेरगावात, जिजाऊंच्या भावाच्या वंशजाला, जिजाऊंच्या पुत्राने स्थापिलेल्या राज्याच्या सैन्याने वेढावे, ही घटना रक्ताच्या नात्यापेक्षा जहागिरीचे नाते किती प्रभावी ठरत होते, याची साक्ष देते. दोन्ही पक्षांना मूळ गावाची ओढ होती, परंतु त्यांचे धनी वेगळे होते.

याच काळात घराण्याच्या अन्य शाखा देऊळगावराजा, मेहुणाराजा, आडगावराजा आदी ठिकाणी नांदत होत्या. देऊळगावराजा येथील बालाजी देवस्थान याच घराण्याशी निगडित आहे. पुण्याजवळील वाघोलीचे जाधवरावही आपला संबंध सिंदखेडशी जोडतात. दूर गेलेल्या शाखांनी स्थान बदलले, पण ओळख सांगताना सिंदखेडचे नाव सोडले नाही.

वंशावळीबाहेरील कन्या :

पारंपरिक वंशावळी पुरुषांच्या नावांनी पुढे सरकतात. वतनाचा हक्क पुत्राकडे जात असल्याने कन्यांची नोंद अनावश्यक मानली गेली. तथापि, या घराण्याचे इतिहासातील स्थान मुख्यत्वे एका कन्येमुळे निश्चित झाले आहे. सिंदखेड, शिवनेरी, पुणे, राजगड आणि अखेरीस १७ जून १६७४ रोजी रायगडाच्या पायथ्याशी पाचाड येथे थांबलेला जिजाऊंचा प्रवास हाही या घराण्याच्या स्थलांतराचाच एक भाग होय. केवळ पुरुषशाखा रेखाटणाऱ्या वंशवृक्षात या प्रवासाला स्थान मिळत नाही.

निष्कर्ष :

१) देवगिरीच्या यादवांशी असलेला वंशसंबंध ही घराण्याची दृढ परंपरा आहे, परंतु मधल्या अडीच शतकांचा समकालीन पुरावा मिळाल्याशिवाय तिला सिद्ध इतिहासाचा दर्जा देता येत नाही.

२) घराण्याच्या विखुरण्यास १६२९ चे हत्याकांड हे निर्णायक कारण ठरले, तर पुढील स्थलांतराची दिशा जहागीर व चाकरी यांनी ठरविली.

३) वंशावळी, दरबारी इतिहास व वास्तू यांची परस्परांशी आणि कालगणनेशी पडताळणी करणे आवश्यक आहे.

४) कन्यांचा मागोवा घेतल्याशिवाय घराण्याचा इतिहास अपूर्ण राहतो.

बुलढाणा जिल्ह्यातील अनेक जुन्या घराण्यांकडे आजही वंशावळी, सनदा व निवाडे जपलेले आढळतात. त्यांची नोंद आणि चिकित्सा वेळीच झाली, तर सिंदखेडप्रमाणेच इतर गावांचा इतिहासही नव्याने उलगडू शकेल.