साठी आणि बुद्धि

‘साठी, बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या समाजांत इतकी मुरली आहे कीं, ती खरी कीं खोटी असा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. घरांतील वृद्ध माणूस नातवाचें नांव विसरलें, जेवून उठल्यावर ‘मला अजून कोणीं वाढलें नाहीं’ असें म्हणूं लागलें, किंवा जन्मभराच्या ओळखीच्या गल्लींत वाट चुकलें, म्हणजे आपण या म्हणीचा उच्चार करतों, क्वचित् हंसतों आणि विचार तेथेंच संपवितों. म्हणींत अनुभवाचें सार असतें हें खरें. परंतु कित्येक म्हणी विचार न करण्याची सोयहि करून ठेवतात. प्रस्तुत म्हण त्यांतलीच एक आहे, असें मला वाटतें.

प्राचीनांनीं ती सर्वस्वीं मान्य केली होती असें दिसत नाहीं. चरकसंहितेंत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुळवेल व शंखपुष्पी हीं मेध्य रसायनें सांगितलीं आहेत. त्यांच्या गुणाची आधुनिक कसोटी अद्याप पुरी झालेली नाहीं. पण बुद्धीचें रक्षण करतां येतें, ही श्रद्धा त्या उपदेशाच्या मुळाशीं आहे. रोमन पंडित सिसरो यानें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें वार्धक्यावर लिहिलेल्या निबंधांत सोफोक्लीझची कथा दिली आहे. बापाची बुद्धि चळली, अशी फिर्याद घेऊन मुलें न्यायासनापुढें गेलीं. वृद्ध कवीनें नुकतेंच रचलेलें आपलें नाटक न्यायाधीशांस म्हणून दाखविलें आणि तो सुटला. स्मृति राबविली नाहीं तर क्षीण होते, असेंहि सिसरो तेथें सांगतो.

आधुनिक वैद्यकास हें ज्ञान फार वळणें घेऊन आलें. इ. स. १९०१ मध्यें फ्रँकफुर्टच्या रुग्णालयांत एक एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचें नांवहि धड लिहितां येईना. तिच्या मृत्यूनंतर डॉ. अलोइस अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला आणि ता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथील सभेंत आपले निष्कर्ष मांडले. इ. स. १९१० मध्यें क्रेपेलिन यांनीं या रोगास अल्झायमर यांचें नांव दिलें. परंतु रोगी स्त्री उतारवयाची नसल्यामुळें हा मध्यम वयांतला विरळा रोग होय, असा समज पुढें अर्धें शतक टिकला. म्हाताऱ्यांचें विसरणें मात्र ‘स्वाभाविक’च राहिलें! युरोपांतील विद्वानहि आपल्या म्हणीच्या कैदेंत होते, असें म्हटलें तरी चालेल. इ. स. १९६८ च्या सुमारास न्यूकॅसल येथील संशोधकांनीं वृद्धांच्या मेंदूंतहि तेच विकार दाखवून दिले, तेव्हां कोठें या विसरण्याला रोग म्हणण्यास सुरुवात झाली.

ज्याला रोग म्हटलें त्याचीं कारणें शोधतां येतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानें नेमलेल्या मंडळानें इ. स. २०२४ मध्यें अशीं चौदा कारणें सांगितलीं. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचें धूम्रपान, मद्य, डोक्यास इजा, बहिरेपणा, अधू दृष्टि, खिन्नता, एकलकोंडेपणा, दूषित हवा हीं त्यांपैकीं कांहीं होत. हीं सर्व दूर करतां आलीं तर स्मृतिभ्रंशाचे सुमारें शेंकडा ४५ प्रसंग टळतील किंवा लांबतील, असा त्या मंडळाचा अंदाज आहे. या यादींत वयाच्या क्रमानें पहिलें कारण मात्र म्हातारपणांतलें नाहीं, तें बालपणांतलें आहे: अपुरें शिक्षण. लहानपणीं शिकलेला मेंदु जणूं कांहीं शिल्लक गांठीं बांधून ठेवतो, आणि उतारवयांत झीज होऊं लागली म्हणजे ती शिल्लक उपयोगीं पडते.

ही गोष्ट मनांत ठेवून पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील दौंड व शिरूर या शेजारच्या तालुक्यांचा इतिहास पाहिला म्हणजे त्याला निराळाच अर्थ येतो. दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं इ. स. १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून शेंकडों निराधार स्त्रिया व मुली आणल्या. रमाबाईंच्या धर्मांतराचा वाद येथें उकरण्याचें कारण नाहीं. त्या स्त्रियांस लिहावयास-वाचावयास शिकविलें, छापखान्यांत कामाला लावलें आणि अंधांस बोटांनीं वाचण्याची लिपीहि दिली, एवढें आपल्या विषयास पुरे. रमाबाईंच्या आईला त्यांच्या वडिलांनीं लोकनिंदा सोसून संस्कृत शिकविलें होतें, आणि आईनें तें मुलीस दिलें. स्वतः रमाबाई ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच निवर्तल्या. त्या वेळीं साठी उलटून गेली होती, पण बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम त्या अखेरच्या दिवसांपर्यंत करीत होत्या. मुलीच्या हातीं पाटी देणें म्हणजे तिच्या सत्तरीची तरतूद करणें होय, हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. पण घडलें तें तेंच.

दुसरें स्थळ शिरूर तालुक्यांतील वढू बुद्रुक. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनीं इ. स. १९७२ मध्यें तेथें ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. पुढें इ. स. २००२ पासून आसपासच्या बावीस गांवांतील जन्म, मृत्यु व स्थलांतर यांची नियमित नोंद होऊं लागली, आणि इ. स. २००७ च्या सुमारास आशिया व आफ्रिका खंडांतील आठ केंद्रांत पन्नाशीपुढील लोकांची जी आरोग्यपाहणी झाली, तींत वढू हें एक होतें. चालणें, झोंप, दृष्टि यांबरोबर ‘लक्षांत राहतें काय?’ हाहि प्रश्न पांच हजारांवर ग्रामस्थांस विचारण्यांत आला. म्हातारीच्या विस्मरणाची कोणीं विचारपूस करावी आणि तिचें उत्तर लिहून घ्यावें, हें त्या गांवांच्या इतिहासांत लहानसें कृत्य नव्हे. स्त्रिया व अशिक्षित यांची स्थिति अधिक वाईट, असें त्यांत दिसून आलें. इ. स. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीचाहि निर्णय असाच आहे: साठीपुढील शंभरांत सरासरी ७·४ जणांस स्मृतिभ्रंश, पुरुषांत ५·८, तर स्त्रियांत ९. त्याच पाहणींत शहरांपेक्षां खेड्यांत प्रमाण अधिक आढळलें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, आमच्या निरक्षर आजीबाईंची स्मृति पंडितांस लाजवील अशी होती. हेंहि खरें आहे. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें जें मोठें काम हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ यांनीं केलें, त्यांत ओव्यांची संख्या लाखावर गेली, आणि त्या अक्षरओळख नसलेल्या बायांच्या मुखांतून आलेल्या आहेत. पण जातें थांबलें. ओवीबरोबर चालणारा तो नित्याचा व्यायाम आणि शेजारणींची सोबतहि थांबली. माझी एक आत्या शिरूरकडच्या खेड्यांत राहत असे. सत्तरीनंतर ती गप्प गप्प राहूं लागली, भलतींच उत्तरें देऊं लागली. घरचे म्हणाले, ‘बुद्धि नाठी’. मी शिकलेला प्राध्यापक, मींहि मान हालविली. पुष्कळ वर्षांनीं कोणा पाहुण्या डॉक्टरानें तिचे कान तपासले. यंत्र लावल्यावर पहिल्याच संध्याकाळीं तिनें मला माझ्या बापाच्या लहानपणची गोष्ट, वार आणि तिथीसकट, सांगितली. तिची स्मृति अगदीं शाबूत होती असें मी म्हणत नाहीं. पण मधलीं सात वर्षें आम्हीं तिच्याशीं बोललों नाहीं, तीं वर्षें आमच्या म्हणीनें खाल्लीं.

सारांश, बुद्धीचें रक्षण ही केवळ औषधाची गोष्ट नाहीं. मुलीची शाळा सुटूं न देणें, चाळिशींत रक्तदाब मोजून घेणें, तंबाखू सोडणें, म्हाताऱ्याचे कान व डोळे वेळीं तपासणें, आणि त्याच्याशीं रोज बोलणें—उपाय इतके साधे आहेत. सगळे विकार त्यांनीं टळणार नाहींत; कांहीं माणसें सर्व करूनहि विसरतील, आणि त्यांस आपला धीर व सेवा लागेल. परंतु यापुढें घरांत कोणी म्हातारें अडखळलें, तर म्हण ओंठावर येण्यापूर्वीं त्याच्याजवळ बसून थोडें मोठ्यानें, सावकाश विचारावें, ‘ऐकूं येतें ना?’