शेणाची साक्ष

माझ्या लहानपणी अम्मी शेणाने घर सारवायची. आठवडाभरात पोपडे सुटत, की पुन्हा सारवण. शेणाचे आयुष्य एवढेच, असे मी समजत होतो. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची हकीकत कळली तेव्हा खरेच वाटेना. तिथल्या जमिनीत सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे शेण सापडते. दगड झालेले!

मंडळी, उघड्यावरच्या शेणाचा किडे, ऊन, पाऊस फडशा पाडतात. ते टिकायचे तर लगेच झाकले जावे लागते. पिसदुऱ्याचे काही गोळे गाळात रुतले, हवा तुटली, कुजणे मंदावले. मग पाण्यात विरघळलेली खनिजे कणाकणाने आत भरत गेली. आकार शेणाचा, ऐवज दगडाचा. असे नशीब फार थोड्या गोळ्यांचे. पुढे या भागातल्या अशा थरांवर दख्खनचा लाव्हा पसरला.

एकोणिसाव्या शतकात नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे इथली हाडे अभ्यासकांना कळली. 1939 मध्ये मॅटली यांनी शेणाच्या दगडांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पण संग्रहालयात गर्दी होते ती सांगाड्यापुढे. शेणाला कोण विचारतो?

विचारले ते 2005 मध्ये. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दगड तपासले. गवत जमिनीतली सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, शोषून पेशींत साठवते. पात्याने बोट चिरते ते त्यामुळेच. हे सूक्ष्म खडे ना पोटात विरघळतात, ना कुजतात. शिवाय गवताच्या कुळागणिक त्यांची घडण वेगळी. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे खडे निघाले. त्यांत आपल्या भाताच्या नात्यातलेही होते!

तोवर डायनोसॉरच्या चित्रात गवत काढणे ही चूक मानली जाई. गवत पसरले ते डायनोसॉर संपल्यावर, असा समज होता. शेजारच्या हाडांवरून हे शेण टायटॅनोसॉर या प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचे मानले गेले. जनावर केवढे होते ते हाडांनी सांगितले. खात काय होते ते शेणाने. गवत त्यात थोडेच होते. ताडाच्या जातीची, सूचिपर्णी आणि इतर झाडेही होती. समोर येईल ते त्याने ओरबाडले असावे.