मातीचे चिलखत

दिवाळीत गव्हाणला गेलो, की संध्याकाळी कबड्डीच्या मैदानाकडेला जाऊन बसायचे, हा माझा जुना रिवाज. यंदा एक पोरगा गुडघ्यावर रबरी पट्टा चढवीत होता. शेजारचे आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी गुडघे मातीच सांभाळायची."

म्हाताऱ्याची बढाई म्हणून मला ते सोडवेना. खेळाच्या पोशाखाचा अर्धा इतिहास त्या एका वाक्यात होता.

आपल्या मल्लाच्या अंगावर असायचे काय? लंगोट, फार तर वर जांग्या. उरलेले चिलखत पायांखाली! तांबडी माती चाळून, तीत तेल, हळद, ताक नि लिंबाचा रस मिसळून हौद करीत आणि खोऱ्याने उकरून तो भुसभुशीत ठेवीत. पडणाऱ्याचा भार त्या मातीत जिरे. मूठभर माती अंगाला चोळली की घाम टिपला जाई, पकड बसे. मेहनत झाली की तेलाने अंग रगडायचे. अर्थात उघड्या जखमेत माती गेली तर धनुर्वाताची भीती होतीच. जुन्याचे गोडवे गाताना हेही आठवावे.

पण हौद काही बोटीत घालून परदेशी नेता येत नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला गादी परकी होती. तरी ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे जपानच्या इशीशी दमछाक करणारी लढत झाल्यावर नियमाची विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले, असे सांगतात. अंगाला सर्वांत हवी होती ती अर्ध्या तासाची उसंत, आणि ती मागायला शेजारी आपले कोणी नव्हते!

कबड्डीचेही तेच झाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला हा खेळ दाखवला. पुढे मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले. मातीत पाय घसरून सुटे. मॅटवर बूट रुततो आणि झटका गुडघ्याला बसतो. म्हणून जमिनीचे काम कपड्याकडे आले. निओप्रीन हे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेत निघाले. त्याच्या फेसाळ थरात वायूचे बंद बुडबुडे असतात. ते सांध्याची ऊब धरतात, थोडा मारही झेलतात. १९५८ साली तिथेच ताणून पूर्ववत होणारा स्पँडेक्सचा धागा आला. सुती बनियन घाम पिऊन ओले राहते. पॉलिएस्टर तो फारसा पीत नाही, पसरवून वाळू देते.

हे सारे उत्तम. फक्त माती फुकट होती. त्या पोराचा सराव मातीवर, सामना मॅटवर, आणि पट्ट्यांची जोडी दोघांत एक. चढाईची पाळी आली, तेव्हा त्याने डाव्या पायाचा पट्टा काढून मित्राकडे फेकला.