पाय आणि यंत्र यांमधला क्षण : पोर्शे ९१७ आणि टर्बोचार्जरची निवड

यंत्रांचा इतिहास लिहिताना आकड्यांचा मोह टाळणे कठीण असते. पोर्शे ९१७ या शर्यतीच्या गाडीविषयी जे विपुल लेखन झाले आहे, त्यातील बरेचसे एकाच आकड्याभोवती फिरत राहते : अकराशे अश्वशक्ती. कोणी त्याही पुढे जाऊन चाचणीमंचावर नोंदलेल्या पंधराशेंचा दाखला देतो आणि तेथे थांबतो. आकडा खोटा नाही. पण त्याने इतिहास झाकला जातो. आमच्या मते या गाडीच्या कथेतला निर्णायक प्रश्न इंजिन जास्तीत जास्त किती शक्ती देते हा नव्हताच. चालकाने ॲक्सिलरेटरवर पाय दाबल्यानंतर ती शक्ती केव्हा येते, हा तो प्रश्न होता. या प्रश्नाचे पुरावेही दोन जातींचे आहेत : एक, प्रयोगशाळेतील यंत्राने काढलेला आलेख; दुसरा, एका चालकाने लिहिलेली हकीगत. कागदपत्र आणि आत्मकथन यांचा हा झगडा साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नसावा.

प्रथम यंत्राविषयी थोडे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू गरम असतो आणि वेगवानही. तो फुकट जाऊ न देता त्यावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवून बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याचे पेटंट १९०५ सालचे आहे. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळण्याची सोय, आणि म्हणून जास्त शक्ती. पहिला खरा उपयोग झाला तो विरळ हवेत आणि पाण्यावर. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने विमानाचे लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीकच्या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या माथ्यावर नेऊन टर्बोचार्जरसह चालवून दाखवले. पुढच्या दशकात जहाजांच्या डिझेल इंजिनांनीही तो स्वीकारला. जहाज आणि विमान यांत एक साम्य आहे : दोघांनाही वळणावळणाला पाय उचलावा लागत नाही. इंजिन एका चालीने तासन् तास चालते, चक्र गतीत राहते आणि दाब कायम असतो.

मोटारीचे तसे नाही. पाय उचलला की वायूचा झोत मंदावतो आणि चक्राची गती पडते. पुन्हा पाय दाबला तरी ते चक्र गतीत येईपर्यंत वाट पाहावी लागते. चक्र मोठे, तितकी ही वाट लांब. चक्र लहान घ्यावे तर ते चटकन फिरू लागते, पण इंजिन जोरात आले की तेच वायूच्या वाटेत बूच होऊन बसते. टर्बोचार्जरची निवड म्हणतात ती मूलतः एवढीच आहे. यात आणखी एक खोच आहे. दाबलेली हवा तापते आणि इंधन अवेळी पेटण्याचा धोका उद्भवतो, म्हणून अशा इंजिनातील दाबाचे मूळ गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवतात. परिणामी टर्बोचार्जर जागा होण्याआधी ते इंजिन आपल्या साध्या भावंडाहूनही दुबळे असते. म्हणजे चालकाला उशीर सोसावा लागतो, आणि त्या उशिरात एरवीपेक्षा कमी शक्तीवर भागवावे लागते.

या उशिराने १९७० पूर्वी फारसे कोणाचे अडले नाही, याचे कारण टर्बोचार्जर जेथे जिंकत होता ती जागा म्हणजे इंडियानापोलिस. तेथे १९५२ साली कमिन्स कंपनीची डिझेल गाडी टर्बोचार्जर लावून उतरली आणि पात्रताफेरीत सर्वांत वेगवान ठरली. (पुढे १९६२ साली किर्लोस्करांच्या जोडीने पुण्यात कारखाना काढणारी ती हीच कमिन्स.) प्रत्यक्ष शर्यतीत मात्र हवा घेण्याच्या तोंडात धावपट्टीवरचा कचरा जाऊन बसला आणि गाडी थांबली. १९६८ साली बॉबी अन्सरने ऑफेनहाउझर टर्बो इंजिनावर तेथे विजय मिळवला, तेव्हापासून ही वाट रूढ झाली. पण इंडियानापोलिसला चारच वळणे, तीही डावीकडची. पाय फार काळ उचललेला राहत नाही. जहाजाचाच न्याय येथे थोड्या फरकाने लागू पडत होता.

आता ९१७ कडे वळू. १९६९ साली जगासमोर आलेल्या या गाडीने १९७० आणि १९७१ अशी दोन्ही वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिच्या पाठीशी हान्स मेट्सगर यांनी आखलेले, हवेने थंड होणारे बारा सिलिंडरांचे आडवे इंजिन होते. १९७२ पासून जागतिक स्पोर्ट्स कार स्पर्धेत तीन लिटरची मर्यादा आली आणि पाच लिटरची ही विजेती गाडी एका रात्रीत बेकार ठरली. राहता राहिली अमेरिका-कॅनडातील कॅन-ॲम मालिका. तेथे इंजिनावर मर्यादाच नव्हती आणि १९६७ पासून सलग पाच विजेतेपदे मॅक्लारेनकडे होती. मॅक्लारेनचे शेव्हरोले इंजिन आठ लिटरच्या घरात होते. पाच लिटरच्या गाडीने त्याला गाठायचे कसे?

पोर्शेपुढे दोन मार्ग होते. सिलिंडर वाढवून सोळांचे प्रचंड इंजिन करावे, किंवा असलेल्या बारांना टर्बोचार्जर लावावा. सोळा सिलिंडरांचे इंजिन केवळ कागदावर राहिले नाही. ते बनले, चालले आणि त्याने साडेसातशेच्या वर अश्वशक्ती दिली. ते पायाला तत्काळ उत्तर देणारे होते, पण वजनाने व लांबीने वाढलेले. गाडीचा सांगाडाच ताणावा लागला असता. टर्बोचार्जरने नऊशेच्या आसपास शक्ती सहज हाती येत होती. आकडे पाहिले तर निर्णय सोपा वाटतो, आणि तो तसाच झाला. दोन टर्बोचार्जर, प्रत्येकी सहा सिलिंडरांना एक. इंजिन आडवे असल्यामुळे दोन्ही बाजूंचे नळ एकमेकांपासून दूर पडतात. एकच मोठा टर्बोचार्जर लावायचा तर लांबलचक नळांची गुंतागुंत वाढली असती आणि एकच जड चक्र फिरवावे लागले असते. दोन लहान चक्रे आणि आखूड नळ यांत उशीर कमी.

कमी, पण पुरेसा कमी नव्हे. येथे मार्क डॉनह्यू या अमेरिकी चालकाचा प्रवेश होतो. रॉजर पेन्स्कीच्या संघाचा हा चालक अभियांत्रिकीचा पदवीधर होता. पोर्शेच्या वाइसाख येथील चाचणीकेंद्रात त्याने गाडी चालवली आणि त्याचे म्हणणे थोडक्यात असे पडले : इंजिन एकतर झोपलेले असते किंवा उधळलेले, मधली अवस्थाच नाही. चाचणीमंच वेगळे सांगत होता. मंचावर इंजिन बहुधा पूर्ण उघड्या थ्रॉटलने तपासले जाई आणि तेथे ते निर्दोष होते. अर्धवट दाबलेल्या पायाची स्थिती, म्हणजे वळणातून बाहेर पडणाऱ्या चालकाची खरी स्थिती, त्या आलेखात नव्हतीच.

दोष होता तो इंधनपंपाच्या समजुतीत. साध्या इंजिनात थ्रॉटल किती उघडले आणि फेरे किती आहेत एवढ्यावरून हवेचा अंदाज बांधता येतो. टर्बो इंजिनात तेच थ्रॉटल आणि तेच फेरे असूनही हवेचा दाब कधी कमी तर कधी दुप्पट असतो, कारण चक्र क्षणापूर्वी कोणत्या गतीत होते यावर तो ठरतो. यंत्राला भूतकाळ असतो, असे म्हणायला हरकत नाही. साध्या मापनाला तो दिसत नाही. डॉनह्यूच्या आग्रहाने अभियंत्यांनी मंचावर कमाल शक्तीचा नाद तात्पुरता सोडून खालच्या फेऱ्यांत इंजिन सुरळीत चालवण्याकडे लक्ष वळवले. पंपाला दाबाची जाणीव दिली गेली. हवेच्या मुख्य नळावर स्प्रिंगच्या झडपा बसल्या. टर्बोचार्जर मागे पडून नळात ओढ निर्माण झाली की त्या उघडत आणि इंजिन थेट बाहेरची हवा घेई.

ही हकीगत प्रामुख्याने डॉनह्यूच्या 'द अनफेअर ॲडव्हांटेज' या १९७५ सालच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाली. आत्मकथनात लेखक स्वतःला मध्यभागी ठेवतो, हे गृहीत धरून ती वाचली पाहिजे. जर्मन अभियंते त्यात काहीसे हट्टी दिसतात ते कदाचित कथनाच्या सोयीसाठीही असेल. तथापि त्या झडपा आणि तो पंप ही निवेदकाची कल्पना नव्हे. त्या वस्तू इंजिनावर बसलेल्या आहेत. स्मरणापेक्षा धातूची साक्ष अधिक भरवशाची, आणि येथे ती चालकाच्या बाजूने पडते.

या उपायानेही पहिल्याच परीक्षेत दगा दिला, हे सांगितलेच पाहिजे. जून १९७२ मध्ये कॅनडातील मॉस्पोर्ट येथे डॉनह्यू पहिल्या स्थानावरून निघाला आणि यापैकीच एक झडप अडकल्याने त्याचा वेळ गेला. डेनी हल्मच्या मॅक्लारेनने शर्यत जिंकली. पुढच्याच महिन्यात रोड अटलांटा येथील सरावात गाडीच्या मागचे आवरण उडाले, गाडी उलटली आणि डॉनह्यूच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज फॉल्मरने त्या वर्षीचे विजेतेपद मिळवले. दुसऱ्याने घडवलेली संवेदनशीलता तिसऱ्याच्या पायाखाली आयती आली. १९७३ साली ५.४ लिटरची ९१७/३० घेऊन डॉनह्यू परतला आणि आठपैकी सहा शर्यती जिंकून विजेता ठरला. त्या गाडीत दाब कमीजास्त करण्याची कळ चालकाच्या हाताशी होती. १९७४ मध्ये इंधनाच्या वापरावर बंधन आले आणि ही गाडी मालिकेतून बाहेर पडली.

तिचा शेवटचा पराक्रम ऑगस्ट १९७५ मधला. टॅलाडेगाच्या उतरत्या काठांच्या वर्तुळाकार धावपट्टीवर डॉनह्यूने ताशी २२१.१२० मैल, म्हणजे सुमारे ३५६ किलोमीटर, असा विक्रम केला. त्याची तयारी आम्हांला विक्रमाहून बोलकी वाटते. येथे उशिराचा प्रश्नच नव्हता, पाय सतत दाबलेला. पण सतत दाबलेल्या पायामुळे हवा अखंड तापत राहिली आणि इंजिने फुटली. रस्त्यावरच्या शर्यतीत वळणावळणाला पाय उचलला जाई, त्यात इंजिनाला विसावा मिळत होता हे तेव्हा उघड झाले. शेवटी दाबलेली हवा थंड करणारे इंटरकूलर बसवावे लागले. यानंतर काही दिवसांतच ऑस्ट्रियातील ग्रांप्रीच्या सरावात झालेल्या अपघाताने डॉनह्यूचे निधन झाले. ती गाडी वेगळी होती, साध्या इंजिनाची.

रस्त्यावर आलेली ९११ टर्बो पॅरिसला १९७४ च्या प्रदर्शनात दाखवली गेली. ९१७ वर मिळालेले ज्ञान तिच्यात उतरले, पण निवड उलटी झाली : एकच टर्बोचार्जर. मागच्या अपुऱ्या जागेचे आणि खर्चाचे हे गणित होते. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, शक्ती २६० अश्वशक्ती, गिअर चारच. वळणाच्या मध्यात घाबरून पाय उचलणाऱ्याला गाडीची शेपटी बाहेर फेकून धडा शिकवणारी म्हणून तिने नाव कमावले. तोच कारखाना १९८६ च्या ९५९ मध्ये पुन्हा दोन टर्बोचार्जरांकडे वळला, या वेळी क्रमाने जागणाऱ्या : कमी फेऱ्यांत सारा वायू एकाच चक्रावर, आणि पुढे दुसरे त्याला येऊन मिळते.

जपानी कारखान्यांनी हीच युक्ती उचलली. १९९३ च्या टोयोटा सुप्राचे तीन लिटरचे इंजिन असेच क्रमाने जागणाऱ्या दोन टर्बोचार्जरांचे. आणि गाड्या सुधारून घेणाऱ्या हौशी मंडळींनी प्रथम काय केले, तर ती सारी व्यवस्था उतरवून तेथे एकच थोरला टर्बोचार्जर बसवला. नळ कमी, दुरुस्ती सोपी आणि मंचावरचा आकडा मोठा. निस्सानच्या १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आरची गोष्ट अधिकच सूचक आहे. तिच्या दोन टर्बोचार्जरांतील वायूच्या बाजूची चक्रे कारखान्याने सिरॅमिकची केली होती. धातूपेक्षा हलकी, म्हणून लवकर गतीत येणारी. हौशींनी दाब वाढवला तेव्हा ती फुटू लागली. मग त्यांच्या जागी पोलादी चक्रे आली. ती वाढीव दाब सोसत, पण पाय दाबल्यावर अंमळ उशिराने जागी होत.