चौथ्या उद्गाराचं कूळ

गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये बसून वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांचं मनन करायचं, ही प्रथा पेरू देशातल्या लिमा शहरात जेझुइट पाद्री अलोन्सो मेस्सिया यांनी रुळवली. पुढे प्रॉटेस्टंटांनीही ती आपलीशी केली. या सातांतला चौथा उद्गार सगळ्यांत अवघड. देवा, तू मला का टाकलंस, हा त्याचा आशय.

हा आक्रोश येशूच्या कित्येक शतकं आधीचा आहे. बाविसाव्या स्तोत्राची सुरुवातच त्याने होते. परंपरेने ते दावीद राजाचं मानलं आहे. चालीचं नाव मोठं देखणं, पहाटेच्या हरिणीचं. आत मात्र जीभ टाळूला चिकटलेली, हाडं निखळलेली, आणि समोरची माणसं त्याच्या कपड्यांसाठी चिठ्ठ्या टाकताहेत. शेवटच्या दहा कडव्यांत सूर पालटतो. तोच माणूस भरसभेत देवाची स्तुती गातो, दीनदुबळे पोटभर जेवतात.

येशू हे बोलला तेव्हा दुपारचे तीन वाजत आले होते. यरुशलेमच्या मंदिरात ती सायंकाळच्या यज्ञाची आणि प्रार्थनेची वेळ. शब्द त्याच्या घरच्या अरामी बोलीतले. मार्काने ते ग्रीक पुस्तकात जसेच्या तसे ठेवले. ‘एलोई’ म्हणजे माझ्या देवा. पण खाली उभ्या असलेल्यांना वाटलं, हा एलिया संदेष्ट्याला हाक मारतोय. एकाने धावत जाऊन आंबेत बुडवलेला बोळा काठीच्या टोकाला लावून त्याच्या तोंडाशी धरला. लूक आणि योहान यांनी हा उद्गार घेतलाच नाही. मार्क-मत्तयांनी तो ठेवला, यातच मला त्याचा खरेपणा दिसतो. आपल्या प्रभूच्या तोंडी असं वाक्य कोण मुद्दाम घालेल?

येशूच्या मनात स्तोत्राचा शेवटही असणार, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. असेलही. पण त्या शेवटाकडे घाईने धावलं, तर वेदनेवरून उडी मारल्यासारखं होतं. टाकलेला माणूस अजून ‘माझा’ देव म्हणतोय, तक्रारही त्याच्याचकडे करतोय. मला अर्थ इथेच सापडतो. नामदेव, जनाबाई, तुकोबा विठ्ठलाशी भांडले ते याच हक्काने.

या संतांच्या वाटेने येशूकडे आलेले कवी नारायण वामन टिळक 1893 साली नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या प्रवासात डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र मागे राहिल्या. नवरा जिवंत असून पुढची काही वर्षं त्यांनी त्याच्यावाचून काढली. त्यांनी बाप्तिस्मा घेतला 1900 साली. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र टिळकांनी आरंभलं, पण 1919 मध्ये ते गेले तेव्हा सुरुवातीचेच अध्याय लिहून झाले होते. उरलेलं जवळजवळ सगळं चरित्र लक्ष्मीबाईंनी लिहिलं. वधस्तंभाचा प्रसंग असा त्यांच्या वाट्याला आला, आणि टाकलं जाणं म्हणजे काय हे त्यांना कुणाकडून समजून घ्यावं लागलं नव्हतं.