गरोदरपणातील वजनवाढ, आहार व व्यायाम

गरोदरपणातील वजनवाढ म्हणजे गर्भधारणेपूर्वीच्या वजनाच्या तुलनेत प्रसूतीपर्यंत स्त्रीच्या शरीराच्या वजनात होणारी एकूण वाढ होय. ही वाढ गर्भाच्या वाढीचे व मातेच्या पोषणाचे एक सोपे मोजमाप मानली जाते. अपुरी वजनवाढ झाल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याची शक्यता वाढते. अतिरिक्त वाढ झाल्यास प्रमाणापेक्षा मोठे बाळ, सिझेरियन शस्त्रक्रिया आणि प्रसूतीनंतर टिकून राहणारा लठ्ठपणा यांचा धोका वाढतो. किती वजन वाढावे हे प्रामुख्याने गर्भधारणेच्या वेळी स्त्रीचे वजन व उंची किती होती यावर अवलंबून असते. त्यामुळे सर्व स्त्रियांना लागू पडेल असा एकच आकडा सांगता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे २१ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या, तर सुमारे २३ टक्के स्त्रिया अधिक वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या. त्यामुळे अपुरी व अतिरिक्त वजनवाढ हे दोन्ही प्रश्न राज्यात एकाच वेळी आढळतात.

## वजनवाढीचे घटक

वाढलेले सर्व वजन चरबीचे नसते. एकूण सुमारे साडेबारा किलो वाढ झाल्यास तिची विभागणी साधारणपणे पुढीलप्रमाणे असते:

- बाळ: सुमारे ३.४ किलो
- वार: ०.६ ते ०.७ किलो
- गर्भजल: ०.८ किलो
- गर्भाशय: सुमारे १ किलो
- स्तन: ०.४ किलो
- मातेचे वाढलेले रक्त: सुमारे १.५ किलो
- पेशींबाहेरील द्रव: सुमारे १.५ किलो
- चरबीचा साठा: सुमारे ३.३ किलो

चरबीचा साठा स्तनपानाच्या काळात ऊर्जा पुरवतो. पहिल्या तिमाहीत वाढ अल्प, म्हणजे अर्धा ते दोन किलो असते. मळमळ व उलट्यांमुळे काही स्त्रियांचे वजन या काळात किंचित घटतेही. मुख्य वाढ दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत होते.

## शिफारस केलेली वजनवाढ

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली सुधारित केलेल्या शिफारशी जगभर वापरल्या जातात. त्या गर्भधारणेपूर्वीच्या शरीर वस्तुमान निर्देशांकावर, म्हणजेच बीएमआयवर आधारित आहेत. वजन (किलो) भागिले उंचीचा वर्ग (मीटर) असे या निर्देशांकाचे सूत्र आहे. एकच गर्भ असल्यास शिफारस अशी:

- बीएमआय १८.५ पेक्षा कमी: १२.५ ते १८ किलो
- बीएमआय १८.५ ते २४.९: ११.५ ते १६ किलो
- बीएमआय २५ ते २९.९: ७ ते ११.५ किलो
- बीएमआय ३० किंवा अधिक: ५ ते ९ किलो

भारतातील आरोग्यसेविकांसाठीच्या शासकीय मार्गदर्शक सूचनांत ९ ते ११ किलो वाढ अपेक्षित धरली आहे. पहिल्या तिमाहीनंतर वजन दरमहा सुमारे दोन किलो वाढावे, असे त्यात म्हटले आहे. आहार अपुरा असल्यास एकूण वाढ केवळ ५ ते ६ किलो होऊ शकते, अशी नोंदही त्यात आहे. महिन्यात तीन किलोंपेक्षा अधिक वाढ झाल्यास प्रीएक्लॅम्प्सिया, जुळी बाळे किंवा मधुमेह यांची शंका घेऊन तपासणी केली जाते. प्रीएक्लॅम्प्सिया हा गरोदरपणातील उच्च रक्तदाबाचा गंभीर विकार असून त्यात शरीरात पाणी साचल्याने वजन झपाट्याने वाढू शकते.

## महाराष्ट्रातील संशोधन

### नागपूर

गर्भाच्या वाढीची आंतरराष्ट्रीय मानके ठरवण्यासाठी झालेल्या इंटरग्रोथ-२१ या प्रकल्पात जगातील आठ ठिकाणे निवडली होती. नागपूर शहराचा मध्यवर्ती भाग हे त्यांपैकी भारतातील एकमेव ठिकाण होते. पेलोतास (ब्राझील), तुरिन, मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, बीजिंग व नैरोबी ही अन्य ठिकाणे होत. निरोगी, सुपोषित व कमी जोखमीच्या स्त्रियांचीच यात नोंद करण्यात आली. किमान १५३ सेंटिमीटर उंची आणि किमान १८.५ बीएमआय या प्रवेशाच्या अटींपैकी दोन होत्या. या प्रकल्पातील सामान्य बीएमआय असलेल्या स्त्रियांच्या नोंदींवरून वजनवाढीची मानके तयार झाली व ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांनुसार चाळिसाव्या आठवड्यापर्यंतची सरासरी वाढ १३.७ किलो होती.

### पुणे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. त्यातील सुमारे ८०० मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोंच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर आणि बीएमआय १८.१ होता. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन सुमारे ३.५ किलो होते. पुण्याची बाळे सडपातळ असली तरी त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. कमतरता मुख्यतः स्नायूंची होती.

या अभ्यासातील शोभा राव यांच्या विश्लेषणात एकूण उष्मांकांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांच्या सेवनाचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध आढळला. शेतकाम, पाणी भरणे व घरकाम यांचा भार अधिक असलेल्या मातांची बाळे लहान होती, असेही २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले.

नागपूर व पुणे येथील अभ्यास एकत्र पाहिल्यास वजनवाढीच्या मानकांची मर्यादा लक्षात येते. पुण्याच्या गावांतील सरासरी माता उंची व बीएमआय या दोन्ही अटींवर इंटरग्रोथ-२१ प्रकल्पात पात्र ठरली नसती. त्यामुळे निरोगी शहरी स्त्रियांवरून काढलेली सरासरी कृश ग्रामीण स्त्रीला जशीच्या तशी लागू होत नाही. बेचाळीस किलो वजनावर गरोदर राहिलेल्या स्त्रीचे वजन दहा किलोंनी वाढले, तरी प्रसूतीच्या वेळी तिचे एकूण वजन ५२ किलोच असते.

### मुंबई

मुंबईतील वस्त्यांमध्ये २००६ पासून झालेल्या 'सारस' प्रकल्पात पालेभाज्या, फळे व दूध यांपासून बनवलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून रोज देण्यात आला. सर्व स्त्रियांचा एकत्रित विचार करता बाळाच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून खाऊ घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. सर्वांत कृश स्त्रियांमध्ये हा लाभ दिसला नाही. गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण खाऊ घेणाऱ्या गटात घटले. केवळ गरोदरपणातील पूरक आहार किशोरवयापासूनचे कुपोषण भरून काढण्यास पुरेसा नसतो, असा या निष्कर्षांचा अर्थ लावला जातो.

## आहार

### ऊर्जा व पोषकद्रव्ये

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला नेहमीपेक्षा दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते. प्रथिनांची अतिरिक्त गरज दुसऱ्या तिमाहीत दररोज ९.५ ग्रॅम, तर तिसऱ्या तिमाहीत २२ ग्रॅम असते. एक मध्यम भाकर, वाटीभर घट्ट वरण व पेलाभर दूध एवढ्यातून ऊर्जेची ही वाढीव गरज साधारणपणे भागते. 'दोन जिवांची असल्याने दुप्पट खावे' हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

गरोदरपणात हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस लोह (६० मिलिग्रॅम) व फॉलिक ॲसिड (५०० मायक्रोग्रॅम) यांची गोळी रोज दिली जाते. प्रसूतीनंतरही ती १८० दिवस चालू ठेवली जाते. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होत असल्याने दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेतल्या जात नाहीत. जेवणासोबतचा चहाही लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. लिंबू, आवळा, पेरू व संत्री यांतील क जीवनसत्त्वामुळे ते वाढते. ब-१२ जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस व मासे यांतूनच मिळते. पुणे अभ्यासातील बहुसंख्य मातांमध्ये त्याची कमतरता होती.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक विकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. त्यामुळे येथील प्रत्येक रक्तक्षय केवळ आहारातील लोहाच्या अभावामुळे झालेला नसतो. सिकलसेलग्रस्त गरोदर स्त्रीला लोह किती द्यावे हे तपासणीनंतर ठरवले जाते.

### पूर्व विदर्भातील अन्न

नागपूरच्या आग्नेयेस असलेला उमरेड तालुका व त्याच्या आसपासचा प्रदेश सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा, धान व मिरची या पिकांचा आहे. येथील नेहमीच्या जेवणात ज्वारीची किंवा गव्हाची पोळी-भाकर, भात, तुरीचे वरण व भाजी हे पदार्थ असतात. गरोदर स्त्रीला लागणारी बहुतेक पोषकद्रव्ये स्थानिक अन्नातून मिळू शकतात. डाळ-भात एकत्र खाल्ल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. मेथी, पालक, अंबाडी, चवळी, घोळ व पावसाळ्यात उगवणारा तरोटा या भाज्यांतून फोलेट व अन्य सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळतात. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ गटातील मेदाम्ल मिळते. शेंगदाणे, फुटाणे, अंडी, तलावातील मासे व हंगामातील संत्री ही अन्य सहज उपलब्ध अन्ने आहेत. मात्र उन्हाळ्यात भाज्या महागतात, शेतातील काम संपल्याने मजुरीही घटते आणि ताटात वरण-भातच उरतो. अशा काळात गरोदरपणाचे शेवटचे महिने आल्यास वजनवाढीवर परिणाम होऊ शकतो.

### टाळावयाचे पदार्थ

मद्य, अर्धेकच्चे मांस व न तापवलेले दूध गरोदरपणात टाळले जाते. चहा-कॉफीचे प्रमाण मर्यादित ठेवले जाते. विदर्भात प्रचलित असलेला खर्रा, तसेच गुटखा व मिश्री यांतील तंबाखू गर्भाला अपायकारक असतो. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात (२००४) धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

## व्यायाम आणि शारीरिक कष्ट

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वैद्यकीय अडचण नसलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. चालणे, सौम्य योगासने, पोहणे व ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांचा त्यात समावेश होतो. व्यायाम करताना बोलता येत असेल, तर तो मध्यम स्वरूपाचा समजावा. नियमित व्यायामामुळे अतिरिक्त वजनवाढ व गर्भावस्थेतील मधुमेह यांचा धोका कमी होतो. पहिल्या तिमाहीनंतर पाठीवर बराच वेळ उताणे पडून करावयाचे व्यायाम, तसेच पडण्याचा किंवा पोटाला मार लागण्याचा संभव असलेले खेळ टाळले जातात. नागपूर परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यामुळे या काळात पहाटे किंवा सूर्यास्तानंतर चालणे आणि पुरेसे पाणी पिणे आवश्यक ठरते.

व्यायाम आणि कष्ट यांत फरक केला जातो. व्यायामाची वेळ व तीव्रता स्त्रीच्या हातात असते आणि थकल्यावर थांबता येते. धानाची रोवणी, निंदण, कापूस वेचणी किंवा सोयाबीनची सोंगणी ही कामे तासन्‌तास वाकून, उन्हात व मजुरीच्या बंधनात करावी लागतात. अशा स्त्रीची ऊर्जा आधीच अधिक खर्च होत असल्याने तिला वाढीव व्यायामाऐवजी अधिक आहार व विश्रांतीची गरज असते. शासकीय सूचनांत रात्रीच्या आठ तासांच्या झोपेशिवाय दिवसा दोन तास विश्रांती सुचवली आहे.

वार गर्भाशयाच्या मुखावर असणे, प्रीएक्लॅम्प्सिया, तीव्र रक्तक्षय किंवा मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असल्यास व्यायाम वैद्यकीय सल्ल्याशिवाय केला जात नाही. रक्तस्राव, गर्भजल जाणे, छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा पोटात वारंवार कळा येणे ही व्यायाम तत्काळ थांबवण्याची लक्षणे होत.

## समजुती व प्रथा

शेवटच्या महिन्यांत कमी खाल्ल्यास बाळ लहान राहून बाळंतपण सुलभ होते, अशी समजूत भारताच्या अनेक भागांत आढळते. प्रत्यक्षात आहार घटवल्याने कमी वजनाच्या बाळाचा व रक्तक्षयाचा धोका वाढतो. पपई वर्ज्य मानण्याच्या प्रथेत अंशतः तथ्य आहे: कच्च्या पपईच्या चिकात गर्भाशयाचे आकुंचन घडवू शकणारे घटक असतात, परंतु पूर्ण पिकलेली पपई नेहमीच्या प्रमाणात सुरक्षित मानली जाते. डोहाळजेवणात गर्भवतीला आवडीचे पदार्थ खाऊ घातले जातात. अंगणवाड्यांतील पोषण कार्यक्रमांतही या प्रथेचा उपयोग करून घेतला जातो.

## शासकीय सेवा व कायदे

ग्रामीण भागात गरोदर स्त्रीची नोंदणी, वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिनची तपासणी आरोग्य उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. नोंदी माता व बाल संरक्षण कार्डावर केल्या जातात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत (२०१६) दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीमार्फत दररोज ६०० किलोकॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार मिळतो. घरी नेलेला हा आहार कुटुंबात वाटला गेल्यास गर्भवतीच्या वाट्याला तो कमी येतो. महाराष्ट्राच्या आदिवासी क्षेत्रात २०१५ पासून राबवल्या जाणाऱ्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीतच एक वेळचे ताजे जेवण दिले जाते.

मुंबई प्रांतात १९२९ साली मातृत्व लाभ कायदा झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ च्या केंद्रीय कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कारखाने, खाणी व दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापना या तरतुदींच्या कक्षेत येतात. त्यामुळे उमरेडसारख्या तालुक्यात कोळसा खाणीतील कायम कर्मचारी स्त्रीला रजा मिळते, तर रोजंदारीवरील शेतमजूर स्त्री तिच्यापासून वंचित राहते. तिच्यासाठी २०१७ पासूनची प्रधानमंत्री मातृवंदना योजना असून पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दिले जातात. गरोदरपणात बुडणाऱ्या मजुरीची अंशतः भरपाई व्हावी आणि स्त्रीला विश्रांती घेता यावी, हा या योजनेचा एक हेतू आहे.